आगळ, रक्तदाब आणि शेत खाणारे कुंपण
मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी करताना खारवलेल्या बांगड्यांशेजारी मांडलेली आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली पुढे करून विक्रेत्याने मला सांगितले की, कोकमातील अँटिऑक्सिडंटमुळे रक्तदाब उतरतो आणि डोळे शाबूत राहतात. अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंना आवरणारा पदार्थ, हा शब्द बाजारापर्यंत पोहोचला, परंतु त्यामागील रसायन पोहोचले नाही, याचे वाईट वाटते, कारण ते विलक्षण देखणे आहे.

रक्तवाहिनीच्या आतील अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतात आणि त्यामुळे वाहिनीच्या भिंतीतील स्नायू सैल पडतात; या शोधाला १९९८ साली नोबेल मिळाले. उच्च रक्तदाबात अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक भिंतीतील एनएडीपीएच ऑक्सिडेझ या विकराला (एन्झाइमला) चेतवते आणि ते विकर ऑक्सिजनच्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड हा उपद्रवी रेणू बनवते. सुपरऑक्साइडला आवरणारे विकर पेशीत असते खरे, पण त्यालाही मागे टाकून नायट्रिक ऑक्साइड सुपरऑक्साइडला जाऊन मिळते आणि वाहिनी सैल ठेवणारा वायूच खर्ची पडतो. या संयोगातून निघालेले पेरॉक्सिनायट्राइट पुढे टेट्राहायड्रोबायोप्टेरिन या साहाय्यक रेणूची नासाडी करते. तो नसला की नायट्रिक ऑक्साइड घडवणारे विकर स्वतःच सुपरऑक्साइड सोडू लागते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार आहे.

डोळ्यातील दृष्टिपटलाला (रेटिनाला) याची झळ विशेष लागते, कारण वजनाच्या मानाने ते भरपूर ऑक्सिजन वापरते आणि त्यातील मेदाम्लांचे ऑक्सिडेशन सहज होते. त्यातील धमनिका, म्हणजे बारीक धमन्या, अरुंद होतात, जाड झालेली धमनिका खालच्या शिरेला दाबते, पुढे ज्योतीच्या आकाराचे रक्तस्राव व कापसासारखे ठिपके दिसतात. सुरुवातीला दुखत नाही आणि नजरही बिघडत नाही.

मग अँटिऑक्सिडंट प्यावे का? ब्रिटनमध्ये सुमारे २०,००० लोकांना पाच वर्षे ई व क जीवनसत्त्वे आणि बीटा कॅरोटीन देऊन पाहिले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघात कमी झाल्याचे आढळले नाही. याउलट अँजिओटेन्सिनला अडवणारी रक्तदाबाची औषधे ही साखळी मुळाशीच तोडतात. शिवाय आगळ टिकते ते मिठामुळे, आणि दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बांगडे तर अजून मोजलेच नाहीत. सोलकढी चवीसाठी जरूर प्यावी, परंतु रक्तदाब असणाऱ्याने दृष्टिपटल तपासून घ्यावे. तपासणीसाठी घातलेल्या, बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर काही तास धूसर दिसते, म्हणून त्या दिवशी स्कूटर घरीच ठेवावी.