गाडीचा विमा : ‘फुल इन्शुरन्स’ म्हणजे नेमकं काय?

“आपल्या गाडीला फुल इन्शुरन्स आहे,” असं म्हणत लोक आमच्या विम्याच्या ऑफिसात येतात. पॉलिसी उघडून बघावी तर कधीकधी नुसती थर्ड पार्टी निघते. ‘फुल इन्शुरन्स’ नावाची पॉलिसी कुठलीच कंपनी विकत नाही. म्हणून हा कागद. हप्ता भरण्याआधी पाच मिनिटं काढून वाचा.

थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या गाडीमुळे कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई कंपनी देते. समोरच्याच्या मालमत्तेचं नुकसान मात्र साडेसात लाखांपर्यंतच. तुमच्या स्वतःच्या गाडीला यातून एक रुपयाही मिळत नाही.

स्वतःच्या गाडीसाठी ‘ओन डॅमेज’ लागतं. अपघात, चोरी, आग, पूर यात येतात. पण बिल पूर्ण मिळत नाही, आणि वाद नेमका इथेच होतो. समजा, बंपर फुटला आणि नव्याची किंमत ८,००० रुपये आहे. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा (भाग जुना झाला म्हणून होणारी कपात), म्हणजे ४,००० गेले. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात. हातात उरले ३,०००! झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, घेतलं असेल तर घसाऱ्याचे ४,००० वाचतात, वरचे हजार तरीही तुमचेच. गाडी नवी असेल तर झिरो डेप घ्याच, असं आमचं मत. पाचेक वर्षांनंतर बऱ्याच कंपन्या ते देत नाहीत.

आता पाण्याचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर आलं होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. उभ्या गाडीत पाणी शिरलं तर ते नुकसान ओन डॅमेजमध्ये बसतं. घात होतो तो पाणी ओसरल्यावर, “चालू होतेय का बघू” म्हणून चावी फिरवली की. इंजिन पाणी ओढतं, पाणी हवेसारखं दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराचं नाही, चालू केल्यामुळे झालं, असं कंपनी म्हणते आणि साध्या पॉलिसीत तो क्लेम अडतो. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं. नदीकाठच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांनी यात काटकसर करू नये. आणि ते असो वा नसो, भिजलेल्या गाडीला चावी लावू नका. पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, कंपनीला फोन करा, गाडी टो करूनच न्या.

पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ लिहिलेली असते. ती गाडीची आजची धरलेली किंमत. गाडी चोरीला गेली तर याच आकड्यावर हिशोब होतो. ऑनलाइन हप्ता स्वस्त दिसला तर आधी हा आकडा बघा, बहुधा तोच खाली ओढलेला असतो.

नो क्लेम बोनस म्हणजे वर्षभर क्लेम केला नाही तर ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट. पहिल्या वर्षी २० टक्के, वाढत वाढत पाच वर्षांत ५० टक्के. तो गाडीचा नाही, मालकाचा, त्यामुळे गाडी विकली तरी नव्या गाडीला लावता येतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की मात्र गेला. दाराला नुसतं खरचटलं असेल तर क्लेम करू नका असं आम्हीच सांगतो. दोन-तीन हजारांसाठी बोनस घालवणं परवडत नाही.

दारू पिऊन किंवा लायसन्स नसताना गाडी चालवली, घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं मारलं, तर क्लेम नाकारला जातो. तिथे आम्हालाही काही करता येत नाही.

अपघात झाल्यावर सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) येऊन बघेपर्यंत गॅरेजवाल्याला एक बोल्टही खोलू देऊ नका. नूतनीकरणाला येताना आरसी आणि जुनी पॉलिसी आणा. मोबाईलवर फोटो असला तरी चालेल, फक्त सगळी पानं हवीत. अटी मागच्या पानांवर असतात.