पांढरं रेशनकार्ड असलं तरी फुले योजनेचा लाभ: पात्रता काय बदलली आणि कागदपत्रं कोणती लागतात

"आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला योजना लागू होत नाही," असं म्हणून आजही अनेक जण चौकशी न करताच रुग्णालयात आगाऊ रक्कम भरतात. हा समज आता जुना झाला आहे. रुग्णालयातले उपचार बिनपैशांत देणाऱ्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कार्डाचा रंग आता आड येत नाही. अडतं ते बहुतेक वेळा कागदावरच्या नावामुळे.

ही योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला सध्याचं नाव मिळालं. तेव्हा पिवळी, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि एक लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्नाची केशरी शिधापत्रिका असलेली कुटुंबं पात्र होती. पांढऱ्या कार्डवाल्यांपैकी शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना सातबारा दाखवून लाभ मिळायचा. २०२० मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्यासोबत एकत्र राबवायला सुरुवात झाली. पण उपचारांच्या खर्चाचं संरक्षण वेगवेगळंच राहिलं: फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाख, आयुष्मानमध्ये पाच लाख.

खरा बदल २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने झाला आणि १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला. आता राज्यातली सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबं आणि अधिवास प्रमाणपत्र असलेले रहिवासी यांना दरवर्षी प्रति कुटुंब पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. पाच लाखांची रक्कम संपूर्ण कुटुंबासाठी आहे, ती एकाच माणसावर खर्च झाली तरी चालते. हप्ता भरावा लागत नाही आणि आजार आधीपासूनचा असला तरी योजना लागू होते. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. घरात आजी-आजोबा असतील तर हे काम आधी करून घ्या.

कागदपत्रं थोडीच आहेत: वैध शिधापत्रिका, आधार कार्ड किंवा दुसरं फोटो ओळखपत्र आणि डॉक्टरांचे कागद. शिधापत्रिका नसेल तर अधिवास प्रमाणपत्र. लहान बाळाचं नाव कार्डावर चढलेलं नसेल तर जन्माचा दाखला आणि आई-वडिलांची शिधापत्रिका न्यावी.

अडचण सुरू होते ती नावांच्या जुळणीत. आधारवर "सुनीता" आणि शिधापत्रिकेवर "सुनिता" असा फरक असला, तरी तपासणीत प्रश्न निघू शकतो. लग्न झालेल्या मुलींचं तर नेहमीचंच. नाव माहेरच्या कार्डावर, आधार सासरच्या नावाचं आणि बाळंतपणात किंवा अपघातात धावाधाव नवऱ्याची. माहेरचं नाव कमी करून घेणं आणि सासरी चढवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत किंवा शहरात शिधावाटप कार्यालयात ती वेळेत करून घ्यावीत. आजारपण आल्यावर हे काम होत नाही. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त लक्ष याच गोष्टीकडे द्यायला हवं.

आयुष्मान कार्ड मोफत आहे. आपले सरकार सेवा केंद्रात, आशाताईंच्या मदतीने किंवा आयुष्मान अॅपवर ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) करून ते काढता येतं. ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो, म्हणून बंद पडलेला जुना नंबर आधी बदलून घ्या.

उपचारांसाठी योजनेत अंगीकृत, म्हणजे सामील करून घेतलेल्या, रुग्णालयात जायचं. तिथे आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचा, कक्ष असतो. तो कागद पाहून नोंदणी करतो, रुग्णालय पूर्वपरवानगी मागतं आणि मंजुरी आली की उपचार बिनपैशांत होतात. जीव धोक्यात असेल तर फोनवरून तात्पुरती परवानगी घेऊन उपचार सुरू होतात, कागद नंतर दिले तरी चालतात. पण रुग्णालयात असतानाच ते आरोग्यमित्राकडे पोहोचले पाहिजेत.

एक गोष्ट लोक विचारतच नाहीत. रुग्णालय योजनेत असतं, पण सगळ्या विभागांसाठी असतंच असं नाही. हृदयासाठी असेल, हाडांसाठी नसेल. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. म्हणून दाखल होण्याआधी नेमका आजार सांगून चौकशी करावी. रुग्णालयांची आणि उपचारांची यादी बदलत राहते, त्यामुळे शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी मिळालेलं उत्तर तुमच्या कामाचं असेलच असं नाही.

नियम पुढे बदलला तर तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या शासन निर्णयात येतो. राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग निवडला की तारखेनुसार ते दिसतात. व्हॉट्सअॅपवर आलेल्या संदेशावर शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख नसेल तर तो पुढे पाठवू नका. वाचायला जमत नसेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री क्रमांकावर विचारा. आयुष्मानसाठी १४५५५.

मंजुरी मिळाल्यावरही कोणी पैसे मागितले तर पावतीचा आग्रह धरा, आरोग्यमित्राला सांगा आणि याच क्रमांकांवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्या.