गाणं विकत घेतलं म्हणजे ते आपल्या मालकीचं झालं का?

‘पैसे मोजून गाणं डाउनलोड केलं की ते आपलं, मग ग्रुपवर टाका, व्हिडिओला लावा.’ हा समज जुना आहे आणि पैसे दिल्यावर तसं वाटणं स्वाभाविकच आहे. पण कलाकाराने खास चाहत्यांसाठी विकलेल्या गाण्याची किंमत भरल्यावर मिळते ती ऐकण्याची परवानगी, हक्क नाही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 नुसार मूळ मालकाच्या सहीचा लेखी करार असल्याशिवाय हक्क हस्तांतरित होत नाही. पेमेंटची पावती म्हणजे असा करार नव्हे.

शिवाय एकाच गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे हक्क असतात. समजा जुना अभंग नव्या चालीत गायलाय. शब्द सर्वांना खुले, पण ती चाल आणि ते रेकॉर्डिंग नाही. गायकाचं नाव दिल्यानेही परवानगी मिळत नाही.

खात्री करायची तर खरेदीच्या पानावरच्या अटी उघडा आणि ‘वैयक्तिक वापर’, ‘व्यावसायिक वापर’ हे शब्द शोधा. व्हिडिओसाठी हवं असेल तर कलाकाराला ईमेल करून लेखी परवानगी मागा. छोट्या कलाकाराचं पुढचं रेकॉर्डिंग बहुधा याच विक्रीवर उभं राहतं, म्हणून फाइलऐवजी खरेदीची लिंक पाठवा.