निसर्गछायाचित्रणासाठी परवडणारी वाइड अँगल झूम लेन्स

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, म्हणजे ३६ × २४ मि.मी. सेन्सरवर, ३५ मि.मी. किंवा त्याहून कमी फोकल लेंथची (हा आकडा जितका कमी, तितके दृश्य रुंद) लेन्स वाइड मानतात आणि २४ च्या खाली गेली की अल्ट्रा-वाइड. हौशी छायाचित्रकाराकडे मात्र बहुधा एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा कॅमेरा असतो. त्यावर हा आकडा दीडपट, कॅननच्या बाबतीत १.६ पट धरावा लागतो. म्हणून किट लेन्सचे, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्सचे, १८ मि.मी. प्रत्यक्षात २७ ते २९ इतकेच रुंद भरतात. १० मि.मी.पासून सुरू होणारी झूम घेतली की दृश्याचा कर्णावरचा कोन सुमारे ७५ अंशांवरून शंभराच्या पुढे जातो.

निसर्गचित्रणात स्वस्त लेन्सने फारसे अडत नाही. महागड्या लेन्सची बरीचशी किंमत एफ/२.८ सारख्या मोठ्या अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) असते, आणि इथे तर कॅमेरा ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर एफ/८ किंवा एफ/११. एपीएस-सीवर १० मि.मी., एफ/८ ठेवून साधारण ६५ सें.मी.वर फोकस केला, तर जेमतेम फूटभरावरच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. वाचलेले पैसे चांगल्या ट्रायपॉडवर घालावेत. अपवाद ताऱ्यांचा. मुंबईच्या उजेडात आकाशगंगा दिसत नाही. पण राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडावर मुक्काम करून ती टिपायची असेल, तर टोकिना ११-१६ एफ/२.८ सारखी लेन्स उपयोगी पडते.

एरवी कॅननची ईएफ-एस १०-१८ (२०१४, २४० ग्रॅम) आणि निकॉनची एएफ-पी डीएक्स १०-२० (२०१७, २३० ग्रॅम) या दोन्ही पुरेशा आहेत. दोन्हींचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणारा भाग, प्लास्टिकचा आहे, पण एवढ्या हलक्या लेन्सला तो चालतो, आणि लोकलच्या गर्दीत हे हलकेपण फार मोलाचे ठरते. घेण्याआधी जुळणी मात्र तपासावी. ईएफ-एस लेन्स कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही. एएफ-पी लेन्स डी९०, डी५१०० यांसारख्या जुन्या निकॉनवर फोकसच करत नाही. फिल्टरचा व्यासही पाहावा: कॅननचा ६७ मि.मी., निकॉनचा ७२. पोलरायझरची, म्हणजे चमक कमी करून आकाश गडद करणाऱ्या फिल्टरची, घाई करू नये. इतक्या रुंद कोनात आकाशाचा एक पट्टा गडद आणि बाकीचे फिके येते.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे ‘सगळे मावावे’ म्हणून ही लेन्स घेणे. वांद्र्याच्या किल्ल्याखालच्या खडकांवर उभे राहून १० मि.मी.वर फोटो काढला, की सी-लिंक काडीएवढा होतो आणि उरते नुसते आभाळ. तिथेच ओहोटीला खाली बसून, खडकातल्या पाण्याच्या डबक्यापासून हातभर अंतरावर कॅमेरा लावला, तर शेवाळाची कड, पाण्यात उतरलेला ढग आणि मागचा पूल एका रेषेत येतात. वाइड लेन्स म्हणजे विषयाजवळ जाण्याचे साधन. खारे तुषार काचेवर बसतातच. मऊ कापड खिशात हवे, आणि भरतीची वेळ आधी पाहिलेली हवी.

जुनी लेन्स घ्यायची तर फोर्टात, बोरा बाजाराच्या परिसरात कॅमेऱ्याची दुकाने आहेत. तिथे पहिला प्रश्न बुरशीचा. लेन्सची दोन्ही झाकणे काढून मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारावा. धुळीचे चार कण दिसले तर हरकत नाही. कोळिष्टकासारखे पांढरट तंतू दिसले तर लेन्स परत द्यावी, कितीही स्वस्त असली तरी. मग दुकानाबाहेर येऊन समोरच्या इमारतीचा एफ/८ वर सरळ फोटो घ्यावा आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. एकच कोपरा भुरकट असेल तर आतले भिंग कललेले असण्याची शक्यता असते.

मुंबईच्या पावसाळ्यात नवी लेन्ससुद्धा कपाटात, चामड्याच्या पिशवीत ठेवली तर तिला बुरशी धरते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहावा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते, आणि जून ते सप्टेंबर हे काम वरचेवर करावे लागते.