सा हलतो तेव्हा: रागातली उपज आणि जॅझमधली उपज

परभणी-नांदेडकडे विशारदची तयारी करणाऱ्या पोराला जॅझ ऐकवा. पहिलं मत ठरलेलं: 'हे तर मनाला येईल ते वाजवतायत.' थोडा जाणता असेल तर म्हणेल, 'आपल्यासारखंच की, तिथंही उपजच (आयत्या वेळी सुचेल ते मांडणं) आहे.' पहिलं साफ चूक. दुसरं अर्धं बरोबर आहे आणि घोटाळा त्यानंच जास्त होतो.

रागात सा एकदा लावला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. तानपुरा तेच सांगत राहतो. बंधन असतं ते चालीचं: कोणता स्वर चढताना वर्ज्य, कुठं थांबायचं, कुठून वळायचं. जॅझमध्ये वळणाची सक्ती जवळपास नाही, पण पायाखालची जमीनच, म्हणजे आधाराचा स्वरच, ठरलेल्या हिशोबानं सरकते. ती केव्हा सरकणार हे वादकाला पाठ असावं लागतं. म्हणजे मोकळीक दोन्हीकडे आहे, कुंपण वेगवेगळ्या जागी आहे.

हे वाचून कळण्यापेक्षा पेटीवर लवकर कळतं. बारा बारचा ब्लूज घ्या, म्हणजे जॅझवाले फिरूनफिरून वाजवतात तो एक ठरलेला साचा. प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे एकूण 48 मात्रा, म्हणजेच तीनतालाची तीन आवर्तनं. तबलजीला काही नवं शिकवायला नको. पांढरी एक हा सा धरा. पहिलं आवर्तन पूर्ण सा वर. दुसऱ्यात समेपासून आठ मात्रा मध्यमावर, खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, परत सा वर. तिसऱ्यात चार मात्रा पंचमावर, चार मध्यमावर, उरलेल्या आठ सा वर. मिनिटाला 96 मात्रा धरल्या तर एक फेरी, ज्याला ते कोरस म्हणतात, बरोबर 30 सेकंदांची होते.

पेटीवर डावा हात भात्यात अडकलेला, म्हणून उजव्यानं दोनच स्वर दाबा. सा च्या जागी शुद्ध गंधार आणि कोमल निषाद. मध्यमावर जाताना दोन्ही बोटं अर्धा स्वर खाली: कोमल गंधार आणि शुद्ध धैवत. सा वरून पंचमावर जायचं तर अर्धा स्वर वर: मध्यम आणि शुद्ध निषाद. नुसत्या या दोन स्वरांवरून मात्र जमीन कळत नाही. खर्जात सा, म, प कुणीतरी लावायला हवेत. जॅझमध्ये ते काम बेसवाला करतो, बहुधा दर मात्रेला एक स्वर टाकत. तानपुऱ्याचं ॲप बंद ठेवा. पंचमाच्या चार मात्रांत शुद्ध निषाद त्या सा ला घासतो.

आता यावर बासरीनं किंवा गळ्यानं काही मांडा. आपल्याकडचा विद्यार्थी दोन्ही गंधार दिसले की जोग रागाकडे वळतो: जाताना शुद्ध, येताना कोमल. पहिलं आवर्तन त्यावर छान निघून जातं. दुसऱ्या आवर्तनाच्या समेला तो शुद्ध गंधारावर रेंगाळला की खटकतं, कारण खाली पेटीत कोमल गंधार आलेला असतो. जोगात कोणता गंधार घ्यायचा हे चालीवरून ठरतं, इथं कितवी मात्रा चालू आहे त्यावरून. उलट बाजूची चूक मात्र चालते: सा च्या जागेवर कोमल गंधार मुद्दाम लावतात, ब्लूजचा रंग त्यातूनच येतो. (नियमाला असा एकाच बाजूचा अपवाद का, हे सिद्धांतानं पटवण्यापेक्षा चार वेळा लावून बघावं.)

लयीतही घोळ होतो. जॅझमध्ये ड्रमवाल्याची झांज साधारणपणे बारच्या 2 आणि 4 या मात्रांवर मिटते. आपली टाळी सवयीनं 1 आणि 3 वर पडते आणि सगळं कवायतीच्या बँडसारखं ऐकू येतं. मात्रेचे दोन सारखे भाग न करता तीन करा आणि पहिले दोन जोडा, म्हणजे मध्य लयीतला झोका साधारण मिळतो. लय चढली की भाग पुन्हा सारखे होत जातात. तिहाई घेऊन दर वेळी समेवर उतरू नका. तिथं वाक्य समेच्या आधी सोडतात किंवा खुशाल पलीकडे नेतात.

दोन्ही संगीतं सगळ्यात जवळ दिसतात ती जॅझमधला ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या 'सो व्हॉट' या रचनेत. कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरांचे गट) फारशा बदलत नाहीत आणि स्वर म्हणाल तर काफी थाटाचे. 32 बार म्हणजे तीनतालाची आठ आवर्तनं. पहिली चार पांढरी दोनवर, पुढची दोन काळी दोनवर, शेवटची दोन परत पांढरी दोनवर. इतकी मोकळी रचना, तरी सा अर्धा स्वर वर उचललाच. शिवाय काफी थाट म्हणजे काफी राग नव्हे. वादी-संवादी, चलन, यातलं काही तिथं नाही. हे ऐकून 'जॅझवाले राग वाजवतात' म्हणणं म्हणजे बाराखडीला कविता म्हणणं.

'फ्री जॅझ', म्हणजे मोकळा जॅझ, हे नावही फसवं आहे. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमननं डिसेंबर 1960 मध्ये चार-चार वादकांच्या दोन चौकड्या एकत्र बसवून सुमारे 37 मिनिटांचं सलग वादन मुद्रित केलं. ठरलेल्या कॉर्ड नाहीत, पण एकेकाची पाळी येण्याआधी सगळ्यांनी मिळून वाजवायचे तुकडे ठरलेले होते.

जुगलबंदीची हौस असेल तर चार-चार बार वाटून घ्या: एक आवर्तन सुरांचं, एक तबल्याचं. सवाल-जवाबात तबलजी तोच तुकडा परत देतो. इथं ऐकलेल्याला धरून नवं बोलायचं असतं, आणि मनात 48 मात्रांची फेरी चालूच ठेवायची असते. लग्नाच्या बँडमधला आल्टो सॅक्सोफोनवाला सोबत असेल तर त्याला आधीच सांगा: तो ज्याला 'सी' म्हणतो तो स्वर पेटीवरच्या काळी दोनला जुळतो. पांढरी एक हवी असेल तर त्यानं 'ए' धरावा.