जलपाश (अरुंद कालव्यांवरील)

जलपाश : कालव्याच्या दोन पातळ्यांमधून बोट वर किंवा खाली नेण्यासाठी बांधलेला, दोन्ही टोकांना दारे असलेला हौद. बोलण्यात सर्रास ‘लॉक’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः इंग्लंडच्या मिडलंड्स भागातील अरुंद कालव्यांचा व त्यांवर चालणाऱ्या नॅरोबोटींचा (लांब, अरुंद बोटींचा) विचार केला आहे.

उगम : नदीतील बंधाऱ्याच्या फळ्या काढून लोंढ्याबरोबर बोट सोडण्याची रीत जलपाशाहून जुनी, तिला जलपाश म्हणावे की नाही, यावर उगमाचा बराचसा वाद अवलंबून आहे. दोन दारांमध्ये पाणी कोंडणे हा निकष धरल्यास पहिला मान चीनकडे जातो. सुंग राजवंशाच्या इतिहासात च्याव वेइ-य्वे या अधिकाऱ्याने इ. स. ९८४ च्या सुमारास हुआई नदीजवळच्या कालव्यावर सु. पन्नास पावलांच्या अंतराने दोन उचलती दारे बसविल्याचा उल्लेख आहे. उतारावरून ओढून नेताना धान्याच्या बोटी फुटत व त्या गडबडीत चोऱ्या होत, असे कारणही तेथे दिले आहे. कारणाचा हा तपशील पाहता नोंद विश्वसनीय वाटते. यूरोपात फ्रीस्वाइक (नेदर्लंड्स) येथील १३७३ चे बांधकाम पहिले मानण्याची प्रथा आहे. मात्र ते एका वेळी अनेक बोटी घेणारे भरतीचे कुंड असावे, हे मत अधिक ग्राह्य दिसते. प्रवाहाच्या वरच्या बाजूकडे टोक काढून मिटणाऱ्या जोडदारांचे श्रेय लिओनार्दो दा व्हिंचीला देतात. त्याचे रेखाटन उपलब्ध आहे, एवढे निश्चित. त्यावरून शोधही त्याचाच असे ठरत नाही. ब्रिटनमधील पहिले जलपाश १५६० च्या दशकात एक्झिटर कालव्यावर जॉन ट्रू याने बांधले. त्यांची दारे वर उचलावी लागत.

सात फुटांचा प्रश्न : अरुंद जलपाशाची रुंदी सु. २.१ मी. (७ फूट) व लांबी सु. २२ मी. असते, त्यामुळे नॅरोबोट ६ फूट १० इंचांहून रुंद बांधत नाहीत. ही रुंदी जेम्स ब्रिंडली (१७१६–७२) याने ट्रेंट अँड मर्सी कालव्यासाठी स्वीकारली (कायदा १७६६, पूर्ण १७७७). ती वर्स्ली येथील कोळसा खाणीतल्या निमुळत्या बोटींवरून घेतली, असे एक मत आहे. परंतु त्या बोटी याहून बऱ्याच अरुंद होत्या, आणि त्या जेथे वापरात होत्या तो ब्रिजवॉटर कालवा स्वतः रुंद आहे. याउलट ट्रेंट अँड मर्सीवर सु. २.६ किमी. लांबीचा हेअरकॅसल बोगदा खणायचा होता. त्याला ११ वर्षे लागली व तो पुरा होण्याआधीच ब्रिंडली वारला. बोगद्याचा खर्च आणि माथ्यावरील पाण्याची टंचाई ही कारणे अधिक पटतात. एकदा रूढ झालेले माप पुढे जोडलेल्या कालव्यांवर आपोआप लादले गेले.

रचना : वरच्या टोकाला सहसा एकच दार व खाली जोडदार असते. दारे ओकच्या लाकडाची असून साधारण २५ वर्षे टिकतात. दाराला जोडलेल्या लांब तोलदांड्याला पाठ लावून ते ढकलतात. पाणी सोडणाऱ्या झडपा दोन प्रकारच्या : जमिनीतील नळमार्गावरच्या आणि दारातल्या. दात्यांची पट्टी व दंतचक्र यांनी झडप उचलली जाते, खटक्याने अडकून राहते. दंतचक्र फिरविण्याच्या काटकोनी हँडलला विंडलास म्हणतात. वरच्या दाराखालील दगडी किंवा काँक्रीटचा उंबरठा हौद रिकामा होताना उघडा पडतो. अपघातांचे मूळ पुष्कळदा तोच असतो.

वापर : चढताना बोट रिकाम्या हौदात घेऊन खालची दारे व झडपा बंद करतात. प्रथम वरच्या जमिनीतील झडपा अर्ध्या, मग पूर्ण उघडतात. दारातील झडपांची तोंडे पाण्याखाली गेल्याशिवाय त्यांना हात लावत नाहीत. नाहीतर धार थेट नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) खोलगट भागात पडून बोट बुडू शकते. दोन्हीकडील पातळी समान झाल्यावरच दार हलते. २.१ मी. रुंद दारावर दीड मीटर खोलीपर्यंत पाणी असताना केवळ १० सेंमी. फरक राहिला, तरी सु. ३०० किग्रॅ. भाराइतका दाब असतो. त्यामुळे जोर लावण्यापेक्षा थांबणे श्रेयस्कर.

उतरताना बोट उंबरठ्याची पांढरी खूण ओलांडून पुढे ठेवावी लागते. मागचा भाग उंबरठ्यावर टेकला तर नाळ खाली जाऊन बोट तिरपी होते. अशा वेळी खालच्या झडपा ताबडतोब बंद करून वरच्या बेताने उघडतात. उतरताना दोर घट्ट बांधला तर बोट त्याला लोंबकळते. बाजूचे फेंडर (धक्का झेलण्यासाठी लोंबत सोडलेल्या गाद्या) आत शिरण्यापूर्वी उचलतात. दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम पाच सेंमी. मोकळे असताना लोंबते फेंडर पाचरीसारखे बसते. खटका निसटल्यास आसावर राहिलेले विंडलास गरगरते व हात मोडतो, म्हणून काम होताच ते काढून घ्यावे.

पाण्याचा हिशोब : २.२ मी. चढाचा अरुंद हौद भरण्यास साधारण एक लाख लिटर पाणी लागते. चढणारी बोट बाहेर पडताना तिने बाजूला सारलेल्या पाण्याइतके पाणी वरून हौदात येते; उतरणारी बोट आत येताना तितकेच वर ढकलते. म्हणून चढाईला पाणी किंचित जास्त खर्च होते. एक बोट वर, पुढची खाली असा क्रम ठेवल्यास एकाच भरण्यात दोन्ही निघतात. समोरून येणाऱ्या बोटीसाठी हौद अनुकूल असेल तर तिला आधी सोडण्याची रीत यातूनच आली. रिकाम्या होणाऱ्या हौदाचे काही पाणी पुढच्या भरण्यासाठी बाजूच्या तळ्यात साठविता येते : हौदाच्या क्षेत्रफळाइतके एक तळे एकतृतीयांश, दोन तळी निम्मे पाणी वाचवितात. फॉक्स्टन येथे अशी तळी जिन्यासारख्या जोडजलपाशांना जोडली असून झडपांना लाल व पांढरा रंग आहे. लाल आधी उघडायची.

दिवसाची मजल : एक जलपाश म्हणजे एक मैल धरून प्रत्येकाला वीस मिनिटे, असा ठोकताळा आहे (वेगमर्यादा ताशी ४ मैल). सलग रांगेत तो लागू पडत नाही. वुस्टर अँड बर्मिंगहॅम कालव्यावरील टार्डबिगच्या ३० जलपाशांत (१८१५) सु. साडेतीन किमी.मध्ये ६७ मी. चढ आहे. एकाने सायकलवर किंवा पायी पुढे जाऊन हौद तयार ठेवला, तर सरावलेली माणसे दर दहा मिनिटांना एक याप्रमाणे पाच तासांत रांग संपवितात. खाली लगेच स्टोकचे सहा लागतात. माथ्यावरचा जलपाश सु. ४ मी. खोल, म्हणजे इतरांच्या जवळजवळ दुप्पट आहे. तेथे आधी बोट उचलण्याच्या यंत्राचा प्रयोग झाला होता, तो सोडून दिला. निघताना दारे मिटून सर्व झडपा पाडाव्यात. एक जरी अर्धी राहिली तरी वरचा टप्पा रात्रीतून ओसरतो व सकाळी बोटी चिखलात बसतात.

भारतात : गंगा कालव्यावर (१८५४) नौकानयनासाठी जलपाश होते, फराक्का येथेही आहे. महाराष्ट्रातील कालवे व पाट सिंचनासाठी असल्याने तेथे त्यांची गरज पडली नाही. मुंबईच्या इंदिरा गोदीचे (मूळ अलेक्झांड्रा, १९१४) प्रवेशद्वार मात्र जलपाशच आहे : सु. २२९ मी. लांब व ३०.५ मी. रुंद.