वाळूच्या नळीतले वीस दिवस

पुण्याला समुद्र नाही. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात विकली जाणारी समुद्री कोळंबी बाहेरूनच येते. तरीही लोणी काळभोरच्या बाजूला एका परिचिताने शेडमध्ये व्हॅनामेई या समुद्री कोळंबीसाठी टाक्या मांडल्या. मीठ-क्षार मिसळून बनवलेलं खारं पाणी रोज ओतून देणं परवडत नाही, म्हणून कोळंबीच्या घाणीतून पाण्यात साठणारा घातक अमोनिया काढून तेच पाणी पुन्हा वापरू देणारा बायोफिल्टर आला. तो लावून झाल्यावर त्याने विचारलं, "पंप चालू झाला, आता बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, सोडायला महिनाभर थांबायचं कशाला?"

याचं उत्तर कोळंबीच्या नव्हे, सांडपाण्याच्या इतिहासात आहे. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्स या शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं. वीस दिवस काहीच घडलं नाही, अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग तो कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हा ही क्रिया थांबली आणि थोडी माती कालवलेलं पाणी घातल्यावर पुन्हा सुरू झाली. म्हणजे हे काम वाळू करत नव्हती, वाळूवर वस्तीला आलेले जिवाणू करत होते. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी ते जिवाणू वेगळे काढले. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. दोन्ही फार सावकाश वाढतात. त्या वीस दिवसांचं कारण हेच होतं.

दगडांच्या थरांवर सांडपाणी ठिबकवून शुद्ध करायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. जपानमध्ये फुजिनागा यांनी १९३० च्या दशकात कोळंबीचं प्रजनन साधलं, पण कोळंबीच्या तळ्यांना या ज्ञानाची गरज बराच काळ भासली नाही. खाडीशेजारी पाणी बदलणं सोपं होतं. नव्वदच्या दशकात आपल्या पूर्व किनाऱ्यावर तळी दाटीने उभी राहिली, तेव्हा एकाचं घाण पाणी तेच शेजाऱ्याचं येणारं पाणी झालं. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू तिथे पसरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने पाहणी केली आणि ११ डिसेंबर १९९६ च्या निकालाने किनारा नियमन क्षेत्रातली पारंपरिक व सुधारित पारंपरिक सोडून बाकीची तळी हटवायला सांगितली. शेतकऱ्यांना तो निकाल कठोर वाटला. मला मात्र वाटतं, पाणी फेकून देण्याची सवय मोडायला असाच धक्का लागत होता. २००५ चा किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरण कायदा त्यातूनच आला, आणि २००९ पासून व्हॅनामेई भारतात रीतसर आली.

जगात तोवर पाणी न बदलता कोळंबी वाढवण्याचे प्रयोग झाले होते. इस्रायलचे अव्निमेलेक यांनी मळीसारखा कर्ब घालून, जिवाणूंनाच नायट्रोजन खाऊ देणारी बायोफ्लॉक पद्धत पुढे नेली. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत तिला अनुदान मिळालं आणि समुद्रापासून दूरच्या गावांतही टाक्या दिसू लागल्या.

परिचिताला मी चुनखडीबद्दलही सांगितलं. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना जिवाणू सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे सात ग्रॅम अल्कता, म्हणजे पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद, संपवतात. श्लोसिंग यांच्या नळीत ती उणीव चुनखडी भरून काढत होती, इथे खाण्याचा सोडा घालावा लागतो. वीज गेली की एअर पंप बंद, आणि कोळंबीबरोबर फिल्टरही गुदमरतो. म्हणून त्याने आधी इन्व्हर्टर घेतला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडेपर्यंत ते साठवून ठेवलं, कारण क्लोरोफॉर्मने तेव्हा जे केलं तेच क्लोरीनने आता झालं असतं.

मग कोळंबीशिवाय टाकीत जिवाणूंना खाद्य म्हणून थोडं अमोनियम क्लोराइड घालून तो रोज टेस्ट किट घेऊन बसला. अमोनिया उतरला, कोळंबीला तसंच घातक असलेलं नायट्राइट मात्र बरेच दिवस अडून राहिलं. एकेचाळिसाव्या दिवशी तेही शून्यावर आलं आणि संध्याकाळी त्याने बीज सोडलं.